प्रवेशपरीक्षा आणि गणिती गाल्वा

विद्येचे महत्त्व आपल्या ज्ञातिबांधवांस नव्याने सांगावयास नको. शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय विद्यालय, सैनिकी शाळा यांच्या प्रवेशपरीक्षांसाठी आज घरोघरी लहान लहान मुले गणिताची उदाहरणे सोडवीत बसलेली दिसतात. काळ-काम-वेग, नफा-तोटा, सरळव्याज, लसावि-मसावि यांची शेकडो उदाहरणे पाठोपाठ सोडविली जातात, घड्याळ समोर ठेवून वेळ मोजला जातो, आणि निकालाच्या यादीत नाव नसले की घरावर अवकळा पसरते. मूल उत्तीर्ण झाले तर ते हुशार आणि अनुत्तीर्ण झाले तर ते सामान्य, असा सरळ हिशेब मांडून आपण मोकळे होतो. हा हिशेब कितपत बरोबर आहे, याचा विचार करण्यास उपयोगी पडेल असे एक चरित्र प्रस्तुत लेखात सांगण्याचे योजिले आहे. ते फ्रान्स देशातील गणिती एव्हारिस्त गाल्वा याचे. तो एकाच विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत दोन वेळा अनुत्तीर्ण झाला आणि वयाची एकवीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच मरण पावला. तथापि त्याच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत आज जगभरच्या विद्यापीठांतून शिकविला जातो.

गाल्वाचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ रोजी पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या बूर-ला-रेन या गावी झाला. त्याचे वडील निकोला-गाब्रिएल गाल्वा हे गावात एक शाळा चालवीत असत, आणि इ. स. १८१५ मध्ये ते गावचे नगराध्यक्ष झाले. आई आदेलाइद-मारी या सुशिक्षित होत्या. मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत लॅटिन भाषा व प्राचीन वाङ्मय यांचे शिक्षण त्यांनीच त्यास घरी दिले. ऑक्टोबर १८२३ मध्ये त्यास पॅरिसच्या लुई-ल-ग्रां या नामांकित विद्यालयात वसतिगृहासह दाखल करण्यात आले. विद्यालयाची शिस्त कडक होती व वातावरण असंतोषाचे होते. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांनी बंड केले व अनेकांची नावे पटावरून कमी करण्यात आली. गाल्वा मात्र त्यात नव्हता. पहिली दोन-तीन वर्षे तो इतर चांगल्या विद्यार्थ्यांसारखाच होता आणि त्याने बक्षिसेही मिळविली.

पुढे त्याचे अभ्यासातील मन उडाले आणि इ. स. १८२७ च्या प्रारंभी त्यास वरच्या वर्गातून पुन्हा खालच्या वर्गात बसविण्यात आले. ही नामुष्की त्याच्या आयुष्यातील इष्टापत्ती ठरली. त्याच सुमारास तो प्रथमच गणिताच्या वर्गात जाऊ लागला. लझांद्र या गणितज्ञाचे भूमितीवरील पुस्तक त्याच्या हाती पडले आणि ते त्याने झपाट्याने आत्मसात केले. तेथून तो लाग्रांजच्या बीजगणितावरील मूळ लेखनाकडे वळला. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पाठ्यपुस्तके बाजूस सारून प्रौढ संशोधकांचे ग्रंथ वाचू लागला. इतर विषयांकडे त्याचे साफ दुर्लक्ष झाले. त्याचे गणिताचे शिक्षक व्हेर्निए यांनी त्याची बुद्धी व प्रगती पाहून समाधान नोंदविले; परंतु त्याच्या कामात पद्धतशीरपणा नाही, अशी तक्रारही केली. वाचकांनी ही तक्रार ध्यानात ठेवावी, कारण निरनिराळ्या मुखांनी ती त्यास जन्मभर ऐकावी लागली.

आता ज्या परीक्षेने त्याच्या जीवनाची दिशा बदलली, तिची थोडी माहिती देणे अवश्य आहे. इ. स. १७९४ मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, पॅरिस येथे एकोल पॉलितेक्निक हे विद्यालय स्थापन झाले. सैन्यासाठी व सरकारी बांधकामांसाठी अभियंते तयार करणे हा त्याचा उद्देश होता. लाग्रांज, मोंज यांच्यासारखे अग्रगण्य गणितज्ञ तेथे अध्यापन करीत असत. वशिला अगर घराणे न पाहता स्पर्धापरीक्षेने विद्यार्थी निवडावयाचे, ही त्या विद्यालयाची मोठी ख्याती होती. आणि त्या स्पर्धेत गणित हा मुख्य विषय होता. परीक्षा आपल्याकडच्यासारखी केवळ कागदावरची नव्हती. परीक्षक उमेदवारास फळ्यापाशी उभे करीत व तोंडी प्रश्न विचारीत. उमेदवाराने खडू हाती घेऊन पायरीपायरीने उत्तर मांडावयाचे आणि मांडता मांडता ते बोलून समजावूनही द्यावयाचे. या परीक्षेच्या तयारीसाठी मोठ्या विद्यालयांतून विशेष गणिताचा एक स्वतंत्र वर्ग असे, आणि त्या वर्गात सराव केल्यावाचून परीक्षेस बसण्याचे धाडस सहसा कोणी करीत नसे.

गाल्वाने ते धाडस केले. विशेष गणिताचा वर्ग न करताच, एक वर्ष आधी, इ. स. १८२८ मध्ये तो परीक्षेस बसला व अनुत्तीर्ण झाला. मोठमोठे ग्रंथ वाचलेल्या या मुलास नेहमीच्या पाठातील कित्येक साध्या गोष्टींचा सराव नव्हता. आपल्यावर अन्याय झाला, असे त्याच्या मनाने घेतले.

ऑक्टोबर १८२८ मध्ये तो विशेष गणिताच्या वर्गात गेला आणि तेथे त्यास रिशार नावाचे शिक्षक लाभले. या गृहस्थांनी स्वतः मोठे संशोधन केले नाही, ग्रंथही लिहिले नाहीत. परंतु नवे गणित स्वतः समजून घेऊन ते वर्गात आणण्याची हौस त्यांना होती, आणि शिष्याचे मोठेपण पाहून त्यांच्या मनास आनंद होत असे. हा विद्यार्थी वर्गातील इतर सर्वांहून स्पष्टपणे श्रेष्ठ आहे, असा अभिप्राय त्यांनी लिहून ठेवला. या मुलास पॉलितेक्निकमध्ये परीक्षेवाचूनच घ्यावे, असे त्यांचे मत होते असे सांगतात. गाल्वाने सोडविलेल्या उदाहरणांचे वर्गातील कागद त्यांनी जपून ठेवले व पुढे एर्मित या आपल्या दुसऱ्या शिष्याच्या स्वाधीन केले. नेपच्यून ग्रहाचे स्थान गणिताने सांगणारा लव्हेरिए हाही याच गुरूंचा शिष्य. त्यांच्या उत्तेजनाने गाल्वाचा पहिला लेख एप्रिल १८२९ मध्ये एका गणितविषयक नियतकालिकात छापून आला. त्याचा विषय वितत अपूर्णांक हा होता. त्या वेळी लेखकाचे वय अवघे साडेसतरा वर्षांचे होते.

परंतु त्याचे खरे लक्ष समीकरणांकडे लागले होते. वर्गसमीकरण सोडविण्याची रीत आपल्या देशात प्राचीन काळापासून ठाऊक आहे. घनसमीकरण व चतुर्घात समीकरण सोडविण्याच्या रीती सोळाव्या शतकात इटलीतील गणितज्ञांनी शोधल्या. पुढे पंचघात समीकरणाशी येऊन सर्वांची गाडी अडली, ती जवळजवळ पावणेतीनशे वर्षे अडूनच राहिली. अशी सर्वसाधारण रीत असणेच शक्य नाही, हे नॉर्वेच्या आबेलने इ. स. १८२४ मध्ये सिद्ध केले. विद्यार्थिदशेत ही रीत आपणांस सापडली असे प्रथम आबेलला व नंतर गाल्वालाही वाटले होते, आणि दोघांनाही आपली चूक पुढे उमगली. गाल्वाने प्रश्नच बदलला. कोणते समीकरण मुळे काढण्याच्या क्रियांनी सुटेल व कोणते सुटणार नाही, हे ओळखावयाचे कसे, असे तो विचारू लागला. समीकरणाच्या उत्तरांची आपापसांत अदलाबदल केली असता जे संबंध अबाधित राहतात, त्यांवरून त्याने हा निर्णय करण्याची युक्ती शोधली. अशा अदलाबदलींच्या समुदायास त्याने गट हे नाव दिले. आधुनिक बीजगणिताचा एक पायाच त्याने येथे घातला. २५ मे व १ जून १८२९ रोजी त्याचे निबंध विज्ञान अकादमीपुढे ठेवण्यात आले आणि परीक्षणासाठी कोशी या विख्यात गणितज्ञाकडे गेले.

यशाचे दार उघडते आहे असे वाटत असतानाच घरावर आघात झाला. गावातील धर्माधिकाऱ्याने गाल्वाच्या वडिलांच्या नावावर निंदाव्यंजक कवने रचून पसरविली. त्या सज्जन गृहस्थास ही बदनामी सहन झाली नाही, आणि २ जुलै १८२९ रोजी त्यांनी पॅरिसमध्ये आत्मघात करून घेतला. अंत्यविधीच्या वेळी गावात दंगल उसळली. या दुःखाने व्याकूळ झालेला सतरा वर्षांचा मुलगा त्यानंतर थोड्याच आठवड्यांत पॉलितेक्निकच्या परीक्षेस दुसऱ्यांदा, म्हणजे अखेरचाच, बसला.

तो पुन्हा अनुत्तीर्ण झाला. परीक्षकाचा प्रश्न त्यास क्षुल्लक वाटला, त्याने स्पष्टीकरण देण्याचे नाकारले आणि संतापाने फळा पुसण्याचा बोळा परीक्षकावर फेकला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. तिला भक्कम आधार नाही. इतके मात्र त्याच्या सर्व चरित्रावरून दिसते की, पुष्कळसे गणित तो मनातल्या मनात करी, आणि जे आपणांस उघड दिसते ते दुसऱ्यास पायरीपायरीने दाखवीत बसण्याचा त्यास कंटाळा होता. ही परीक्षा तर नेमकी त्याचीच होती. परीक्षकास त्याच्या बुद्धीची पारख झाली नाही हे खरे; आणि परीक्षकास पारख करता यावी, असे साधन त्याने त्याच्या हाती दिले नाही हेही तितकेच खरे.

मग निरुपायाने तो शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयात गेला. हेच पुढे एकोल नॉर्माल या नावाने जगप्रसिद्ध झाले. तेथील प्रवेशाच्या वेळी गणिताच्या परीक्षकाने नमूद केले की, हा विद्यार्थी आपले विचार मांडताना कधी कधी दुर्बोध होतो, परंतु तो बुद्धिमान आहे व संशोधनाची विलक्षण वृत्ती त्याच्या ठिकाणी आहे. या परीक्षकाने दोन ओळींत गाल्वाचे गुण व दोष दोन्ही अचूक टिपले होते. पॉलितेक्निकच्या फळ्यासमोर असा परीक्षक लाभता, तर काय झाले असते, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

यापुढील अडीच वर्षे म्हणजे आपत्तींची मालिकाच होय. फेब्रुवारी १८३० मध्ये त्याने अकादमीच्या मोठ्या पारितोषिकासाठी निबंध पाठविला. तो वाचावयास घेतलेले चिटणीस फूरिए मे महिन्यात वारले आणि निबंध गहाळ झाला. पारितोषिक दिवंगत आबेल व याकोबी यांना देण्यात आले. जुलै १८३० मध्ये पॅरिसमध्ये राज्यक्रांती झाली. पॉलितेक्निकचे विद्यार्थी रस्त्यावर उतरून लढले, आणि गाल्वाच्या विद्यालयाच्या संचालकांनी मात्र आपल्या विद्यार्थ्यांना दरवाजे लावून आत कोंडले. ज्या विद्यालयात आपणांस प्रवेश मिळाला नाही, तेथील मुले इतिहास घडवीत आहेत आणि आपण कुलुपाच्या आत आहोत, हे शल्य त्याच्या मनात खोल रुतले. संचालकांवर टीका करणारे पत्र वृत्तपत्रात छापून आले आणि त्याची विद्यालयातून हकालपट्टी झाली.

जानेवारी १८३१ मध्ये त्याने विज्ञानशिक्षणावर एक लेख प्रसिद्ध केला. परीक्षेच्या तयारीविषयी त्याने त्यात जे म्हटले, ते आजच्या पालकांनीही विचारात घ्यावे असे आहे. मुलांना दिवसभर ऐकावयास अथवा पाठ म्हणावयास लावतात, मग त्यांनी स्वतः चिंतन केव्हा करावयाचे, असा त्याचा सवाल होता. विद्यार्थ्याची दृष्टी ज्ञानाकडे राहत नाही, ती परीक्षेत निभावून जाण्याकडे लागते, आणि विषयाऐवजी परीक्षकाच्या आवडीनिवडी त्यास शिकाव्या लागतात, अशी त्याची तक्रार होती. त्याच महिन्यात त्याने पोटापाण्यासाठी पॅरिसमधील एका पुस्तकाच्या दुकानात बीजगणिताचा खासगी वर्ग उघडला. प्रारंभी सुमारे चाळीस जण आले. परंतु विषय त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता, आणि वर्ग लवकरच ओस पडला.

त्याच जानेवारीत समीकरणांवरील निबंध त्याने तिसऱ्यांदा अकादमीकडे पाठविला. प्वासाँ व लाक्रवा यांनी तो तपासला. युक्तिवाद पुरेसा स्पष्ट नाही, विस्तारानेही मांडलेला नाही, त्यामुळे त्याच्या खरेपणाविषयी निर्णय देता येत नाही, असा त्यांचा जुलै १८३१ मधील अभिप्राय होता. लेखकाने आपले सर्व संशोधन एकत्र व सविस्तर प्रसिद्ध करावे, असेही त्यांनी सुचविले. शाळेत व्हेर्निए यांनी जी उणीव दाखविली, तीच येथे देशातील सर्वोच्च विद्वत्सभेने दाखविली.

त्या सुमारास गाल्वा प्रजासत्ताकवादी चळवळीत पुरता ओढला गेला होता. राजाविरुद्ध चिथावणी दिल्याच्या आरोपातून तो एकदा निर्दोष सुटला, परंतु १४ जुलै १८३१ रोजी बरखास्त केलेल्या तोफखाना पथकाचा गणवेश घातल्याबद्दल त्यास अटक झाली व पुढे सहा महिन्यांची शिक्षा झाली. अकादमीचा नकार त्यास सॅंत-पेलाजीच्या तुरुंगात कळला. एप्रिल १८३२ च्या अखेरीस तो मुक्त झाला आणि महिन्याभरातच एका द्वंद्वयुद्धात गुंतला. २९ मे च्या रात्री त्याने आपला मित्र ऑग्युस्त शव्हालिए यास दीर्घ पत्र लिहून आपल्या संशोधनाचा सारांश दिला व जुना निबंध काढून त्यात दुरुस्त्या केल्या. एका ठिकाणी सिद्धता अपुरी असल्याची कबुली व वेळ नसल्याची खंत त्याने समासात लिहून ठेवली. सारा सिद्धांत त्याने त्या एका रात्रीत रचला, अशी जी कथा सांगतात, ती खरी नव्हे. ते तीन-चार वर्षांच्या अविरत परिश्रमाचे फळ होते. ३० मे रोजी सकाळी त्याच्या पोटात गोळी लागली, आणि ३१ मे १८३२ रोजी कोशां रुग्णालयात त्याची प्राणज्योत मालवली. मोंपारनासच्या दफनभूमीत सामाईक खड्ड्यात त्याचे दफन झाले.

धाकटा भाऊ आल्फ्रेद व मित्र शव्हालिए यांनी त्याचे कागद जपले व त्यांच्या नकला केल्या. अखेर ते लिऊव्हील या गणितज्ञाच्या हाती आले. लिऊव्हीलने धीर धरून ते वाचले, गाळलेल्या पायऱ्या स्वतः भरून पाहिल्या, आणि सिद्धांत खरा असल्याची खात्री करून घेतली. इ. स. १८४३ मध्ये त्याने अकादमीस तसे कळविले आणि इ. स. १८४६ मध्ये ते लेखन आपल्या नियतकालिकात छापले. मधे चौदा वर्षे लोटली होती. गाल्वाने इ. स. १८३० मध्ये ज्या सांत संख्याक्षेत्रांविषयी लिहिले, त्यांचा उपयोग आज आपण नित्य करतो. दुकानात पैसे देण्यासाठी ठिपक्यांचा जो चौकोनी क्यूआर कोड लावलेला असतो, त्याचा काही भाग मळला किंवा फाटला तरी तो वाचता येतो, तो याच गणितावर आधारलेल्या योजनेमुळे. इ. स. १९०९ मध्ये बूर-ला-रेन येथे त्याच्या जन्मस्थानी स्मृतिशिला बसविण्यात आली. त्या वेळी एकोल नॉर्मालचे झ्यूल तानेरी यांनी, ज्या विद्यालयाने गाल्वास ओळखले नाही व घालवून दिले, त्याच्या वतीने जाहीर क्षमा मागितली.

या चरित्रातून कोणी असा अर्थ काढू नये की, परीक्षा निरर्थक आहेत आणि अनुत्तीर्ण होणारा प्रत्येक मुलगा गाल्वा आहे. मुलांना गणित शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या मनुष्यास यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, मुलाने नुसते उत्तर सांगून भागत नाही. एक नळ हौद ४ तासांत भरतो व दुसरा ६ तासांत भरतो, तर दोन्ही मिळून किती वेळात भरतील, असे विचारताच चलाख मूल २ तास २४ मिनिटे असे चटकन सांगते. त्यास पुढे विचारावे की, कसे? एका तासात पहिला नळ एक चतुर्थांश व दुसरा एक षष्ठांश हौद भरतो, दोन्ही मिळून बारापैकी पाच भाग भरतात, म्हणून पूर्ण हौदास बारा भागिले पाच तास लागतात, हे त्याने आपल्या धाकट्या भावंडास समजेल असे मांडून दाखवावे. आजच्या प्रवेशपरीक्षांत अचूक पर्यायाचे वर्तुळ काळे केले की काम भागते, पायऱ्या कोणी विचारीत नाही. म्हणूनच ती सवय घरी लावणे अधिक अगत्याचे झाले आहे. शंभर उदाहरणांची केवळ उत्तरे काढण्यापेक्षा दहा उदाहरणे कोणास तरी समजावून देणे, हा खरा सराव होय.

दुसरी गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी आहे. फळ्यासमोरच्या थोड्याशा वेळात परीक्षकास जे दिसले नाही, ते रिशार गुरुजींना वर्षभरात रोज दिसत होते, आणि म्हणून त्या मुलाचे कागद त्यांनी टाकून दिले नाहीत. आपल्या मुलाचे नाव यादीत नसेल त्या संध्याकाळी त्याची वही हाती घ्यावी, त्याने कोठे विचार केला आहे व तो कोठे अडला आहे हे त्याच्याजवळ बसून पाहावे. यादी करणाऱ्यांना तेवढी सवड नसते. ती आपणांस आहे.